मुंग्यांच्या वाटेवरची राख

सकाळी गल्लीच्या तोंडाशी हातगाडीचं चाक कुरकुरलं की लोक म्हणतात, "उठा, अत्तरवाली आली." आईबापांनी ठेवलेलं तिचं नाव दुसरंच आहे, पण ते आता तिच्या नवऱ्यालाही आठवावं लागतं. अत्तर म्हणजे काय, ते गाडी जवळ आली की नाकाला कळतं. ज्याने हे नाव पाडलं त्याला वाटलं असेल, बाई चिडेल. बाई चिडली नाही. "फुकट मिळतंय तोवर हुंगून घ्या," म्हणाली आणि गाडी पुढे ढकलली. नाव चिकटलं ते चिकटलंच.

त्या गल्लीखाली सगळा कातळ. गटार खणायला आणलेल्या पहारी वाकल्या, आणि नळाला पाणी येतं तेही जेमतेम पिण्यापुरतं. म्हणून तिथल्या घरांना कोरडे संडास आहेत. बैठकीला दोन वाटा. मागची वाट खालच्या बंद खोलीत उतरते. तिथे प्रत्येकाने उठताना मूठभर राख टाकायची. खोली भरली की तिचं तोंड लिंपायचं आणि शेजारची उघडायची. लिंपलेली खोली ऋतूमागून ऋतू गप्प पडून राहते, आणि उघडली की आत काळी, भुसभुशीत, कसलाही वास नसलेली माती निघते. पुढची वाट लघवीची, ती नळीने भिंतीबाहेर येते. घराच्या पाठीमागे लहानसं दार असलेला कप्पा, कप्प्यात पिवळी कॅन. भरलेली कॅन उचलायची, रिकामी ठेवायची, गाडी शेतावर न्यायची, लघवी मोठ्या टाकीत ओतून झाकण घट्ट लावून मुरू द्यायची आणि मग साठवलेलं पावसाचं पाणी भरपूर मिसळून पिकाच्या मुळाशी सोडायची, हे अत्तरवालीचं काम.

शेत तिचं आणि नवऱ्याचं, खडकावर माती चढवून केलेलं. गल्ली जो मका खाते तो गल्लीनेच पोसलेला असतो, ही गोष्ट तिला मनापासून आवडायची. पानांवर चढलेला गडद हिरवा रंग बघून ती नवऱ्याला म्हणायची, "बघा, नाक मुरडतात एका हाताने आणि कणसं नेतात दोन्ही हातांनी."

"नाक हाताने नाही मुरडत," नवरा म्हणायचा.

"तुम्ही मका बघा."

पण कॅन उचलणारीला कॅन बरंच काही सांगते. नुसती हातात घेतली की कळतं, घरी पाहुणे आलेत, कोण परगावी गेलंय, कोणाला ताप आहे. बायकांनी हे आधीच ओळखलं होतं. संडास बांधून झाले तरी कप्प्यांची दारं कोणी उघडेना. सगळ्यांत चढा आवाज होता तिच्याच थोरल्या जावेचा. "आज कॅन नेईल आणि उद्या नळावर सांगत बसेल, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत ते." तेव्हा अत्तरवाली भर नळावर सगळ्यांसमोर उभी राहिली होती. "मी कॅन बघेन, कॅनमधलं बघणार नाही. आणि दिसलंच काही, तर जीभ दातांच्या मागे राहील." एकेक करत दारं उघडली. थोरलीचं सगळ्यांत शेवटी.

तो शब्द तिने पाळला. त्या शब्दाचा तिला अभिमान होता. लोकांच्या घरात पुढच्या दाराने येणाऱ्यांना जे कळत नाही, ते मागच्या दाराशी वाकणाऱ्या या बाईला कळायचं आणि तिच्यापाशीच राहायचं. विहिरीत दगड टाकावा आणि आवाजसुद्धा येऊ नये, तसं.

थोरलीचं आणि तिचं भांडण असं कधी झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. थोरलीच्या लेकीच्या लग्नात पंगत बसली होती. अत्तरवाली नवं लुगडं नेसून, हात दोनदा साबणाने धुऊन, पळी घेऊन वाढायला निघाली. थोरलीने हसतच तिच्या हातातली पळी काढून घेतली. "तू बस गं. रोज दमतेसच. वाढायला बाकीच्या आहेत ना." आवाजात साखर होती. पाहुण्यांनी अत्तरवालीच्या हातांकडे पाहिलं, मग आपापल्या ताटाकडे. ती बसली. जेवलीसुद्धा. पण तिच्या आत ती पळी कुठेतरी उभीच राहिली.

त्यानंतर एके सकाळी तिने थोरलीच्या कप्प्याचं दार उघडलं आणि तिला मुंग्या दिसल्या. कुंपणाच्या फटीतून निघालेली बारीक रांग, भिंतीच्या कडेने, कप्प्यात, कॅनच्या तोंडाशी. घाई नाही, गडबड नाही. ठरलेल्या ठिकाणी निघाल्यासारख्या.

ती वाकलेली तशीच राहिली. तिचे वडील परसातल्या ज्या झाडाखाली जाऊन बसायचे, तिथे अशीच रांग लागायची. आई हसायची, "तुमचं सगळंच गोड." पुढे वडिलांचे डोळे गेले, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, मुंग्या लागायच्या का? साखर लघवीवाटे बाहेर पडते, ती मुंग्यांना माणसांच्या आधी कळते. आई मग कधीच त्यावर हसली नाही.

म्हणजे तिला माहीत होतं. पुढे कितीही वेळा तिने मनाशी उलटसुलट केलं तरी हे एक बदलत नव्हतं. घरात माणसं दोनच, थोरली आणि दीर. आणि दीर तर कामासाठी परगावी गेलेले.

मागचं दार उघडंच होतं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. हाक मारायची, एवढंच. तिने तोंड उघडलं आणि तिला स्वतःचाच नळावरचा शब्द आठवला. शब्दामागोमाग पळी आठवली. मी सांगायला जायचं आणि हिने म्हणायचं, बघा, शेवटी कॅनमध्ये डोकावलीच! तिने तोंड मिटलं. संडासात टाकण्यासाठी बाहेर ठेवलेल्या राखेच्या डब्यातून मूठभर राख घेतली, मुंग्यांच्या वाटेवर टाकली, कॅनभोवती एक गोल ओढला. कोणी दुसऱ्याने बघायला नको. हे मी तिची अब्रू झाकण्यासाठी करते आहे, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि पटलंही.

मुंग्या यायच्या थांबल्या. राख वाऱ्याने विस्कटली की ती रोज नवी टाकायची. कप्प्याशी राख सांडलेली असतेच, कोणाला वेगळं काही दिसलं नाही.

कॅन मात्र जड होत गेली. एका माणसाच्या घरची कॅन भरल्या घरासारखी. गल्लीत बायका म्हणू लागल्या, थोरली बारीक झाली, छान दिसते. दवाखान्यातली नर्स घरोघर चौकशी करत आली, तेव्हा अत्तरवालीलाच रस्त्यात धरून म्हणाली, "तुम्हाला सगळी गल्ली माहीत. कोणाला काही त्रास?" गाडीचं दांडकं तिच्या हातात होतं. "सगळे ठणठणीत," ती म्हणाली. चाक कुरकुरलं. तो आवाज तिला त्या दिवशी पहिल्यांदा नकोसा वाटला.

त्या हंगामात मका असा आला की नवरा बांधावर उभा राहून बघतच बसायचा. "काय घातलंस गं या वेळी?" ती उत्तर न देता टाकीचं झाकण लावायला जायची.

मग थोरलीला नवी चप्पल लागली. अंगठ्याला साधा फोड आला. तो फुटला, चिघळला, काळा पडला. परगावाहून दीर धावत आले. मोठ्या दवाखान्यातून थोरली घरी आली तेव्हा उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट गेलेलं होतं. "साखर केव्हाची वाढली होती म्हणे," दीर उंबऱ्यात उभे राहून सांगत होते. "कोणाला पत्ताच नाही."

अत्तरवालीला त्या रात्री जेवण गेलं नाही. नवरा म्हणाला, "एवढं काय? पाय तर वाचला." तिने त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ नखाने पाटाचा रंग खरवडत राहिला. "शब्द दिला होतास तू," शेवटी म्हणाला.

"हो," ती म्हणाली. तो तिच्या बाजूने बोलत होता, आणि ते तिला सोसत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी करून ती थोरलीकडे गेली. रस्ताभर तिने एकच वाक्य घोकलं होतं: जाऊबाई, मला मुंग्या दिसल्या होत्या आणि मी बोलले नाही.

थोरली मागच्या दाराशी खुर्चीवर बसली होती. पाय स्टुलावर, पांढऱ्या पट्टीत गुंडाळलेला.

"ये. अशी परक्यासारखी उभी का? आत ये आणि चहा टाक. मला उठवत नाही, आणि यांच्या हातचा चहा म्हणजे फरशी पुसलेलं पाणी."

"मी... माझे हात..."

"धुतलेत ना? मग झालं. माझ्यात साखर नको, तुझ्यात घाल."

त्या पंगतीनंतर ती पहिल्यांदाच थोरलीच्या स्वयंपाकघरात शिरली. डबे तिला सापडेनात. हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले. चहा घेऊन बाहेर आली. थोरलीने एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "बिनसाखरेचा चहा म्हणजे शिक्षाच बाई." मग तिनेच आवाज खाली आणला.

"एक सांगू? कोणाला बोलू नकोस. तू बोलणार नाहीस म्हणा, तुझी जीभ ती दातांमागे." ती हसली. "मला आधीच शंका आली होती. मागे कपडे वाळत घालताना त्या कप्प्याशी मुंग्या दिसल्या. चांगली रांग. माझ्या मामीचं असंच कळलं होतं. मी ठरवलंच, हे आले की जाऊन तपासून घ्यायचं. आणि मग काय, मुंग्या गेल्या! रोज बघायचे मी. एक म्हणून नाही. म्हटलं, सुटले बाई. आलं तसं गेलं. उगाच कशाला दवाखाना?"

अत्तरवालीच्या हातात कप होता. तो तिने जमिनीवर ठेवला. घोकून आणलेलं वाक्य आता पुरणार नव्हतं. ती गप्प राहिली एवढाच तिचा गुन्हा असेल असं समजून ती आली होती. आणि इथे तर जे थोरलीला दिसलं होतं तेच तिने मूठमूठ राख टाकून पुसलं होतं. हे तिच्याखेरीज कोणालाच माहीत नव्हतं. गप्प बसली असती तर पुढेही कळलं नसतं. थोरली तिला चहाला बोलवत राहिली असती.

"राख मी टाकत होते," ती म्हणाली.

"कसली राख?"

"मुंग्या गेल्या नव्हत्या, जाऊबाई. मी घालवल्या. मला दिसल्या होत्या. त्या कशासाठी येतात तेही माहीत होतं. रोज कॅनभोवती राख टाकायचे मी."

थोरलीने कप्प्याकडे पाहिलं. मग पायाकडे.

"शब्द दिला होतास म्हणून?" थोरलीने विचारलं. ती जणू तिला वाट काढून देत होती.

"थोडं शब्दासाठी," अत्तरवाली म्हणाली. "थोडं पळीसाठी."

"कुठली पळी?"

थोरलीला खरंच आठवत नव्हतं. लग्न, पंगत, पाहुणे, सगळं सांगावं लागलं. सांगताना ती गोष्ट इतकी लहान होत गेली की शेवटी शेवटी तिला शब्दच मिळेनात.

"एवढ्यासाठी," थोरली म्हणाली. तो प्रश्न नव्हता. "जा तू आता."

त्यानंतर थोरलीच्या कप्प्याचं दार बंद राहिलं, कडीला सुतळी बांधलेली. अत्तरवाली रोज तिथे गाडी थांबवायची, सुतळीची गाठ बघायची आणि पुढे जायची. बाकीच्या घरांशी ती पूर्वीसारखं बोलायची, पण प्रत्येकाच्या कप्प्याशी जास्त वाकून बघू लागली. कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या कॅनपाशी मुंग्या दिसल्या तेव्हा तिने सरळ पुढचं दार वाजवलं. शिंपी भडकला. "कॅन न्यायचं काम आहे तुझं, जोतिष सांगायचं नाही!" नळावर दोन दिवस तीच चर्चा. "फिरली शब्दाला," बायका म्हणाल्या. तिने ऐकून घेतलं. शिंपी आठवड्याने गुपचूप तपासून आला, पण काय निघालं ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

मग एके सकाळी थोरलीच्या कडीला सुतळी नव्हती. कप्प्याचा तळ झाडून लख्ख केलेला, राखेचा कणही नाही. आणि जरा अंतरावर, खुर्चीवर, काठी मांडीवर आडवी घेऊन थोरली.

"राख टाकायची नाही," ती म्हणाली. "मला बसल्या जागेवरून दिसत नाही. तू बघून सांगायचं."

अत्तरवाली गुडघ्यांवर बसली. आत वाकली.

"आहेत?"

"आहेत. पण कमी वाटतात."

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

तिने पुन्हा पाहिलं. "तेवढ्याच आहेत."

"हं," थोरली म्हणाली. चहाचं काही बोलली नाही.

ती कॅन मक्याला चालत नाही. थोरलीला जखमेची जोरदार औषधं चालू आहेत, ती मुळाशी जायला नकोत. अत्तरवाली ती वेगळी बांधते आणि शेतापलीकडे, जिथे काहीच पेरत नाहीत, तिथल्या खड्ड्यात ओतते.

"पिकाला देता येत नाही, मग एवढ्या लांब ओढून कशाला आणतेस?" नवरा म्हणतो. "दादा ओततील की तिथेच जवळपास कुठेतरी."

"नको," ती म्हणते. "ती माझी मीच आणणार."

गल्ली चढाची आहे. थोरलीचं घर सगळ्यांत शेवटी, म्हणून ती कॅन सगळ्यांच्या वर बसते आणि वळणावर गाडी एका अंगाला झुकते. तेव्हा दांडकं दोन्ही हातांनी धरून ती क्षणभर थांबते, मग ढकलते.