विसावी टाचणी

रोज सकाळी कॉफीचा पहिला घोट घेण्याआधी व्हर्लीन ट्रूइट टाचण्या मोजायची. टोमॅटोएवढी जुनी उशी, तिच्यात लाल डोक्याच्या वीस टाचण्या. विसावी नेहमी सगळ्यांत शेवटी, आणि तिच्याकडे न बघता.

अमेरिकेतल्या डोव्हरच्या कारखान्यात तिनं चंद्रावर जाणाऱ्यांच्या पोशाखांचे गुडघे शिवले होते. त्याआधी ती बाळांच्या रबरी चड्ड्या शिवायची. हात तोच, मशीनही जवळपास तेच. पण इथं आतल्या रबराला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं, तर पोशाखातली हवा आणि आतला माणूस, दोन्ही गेले. म्हणून प्रत्येक बाईला मोजून वीस टाचण्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. भोंगा झाला की त्या मुकादम बाईंपुढे मोजून द्यायच्या.

१९६७ सालच्या एका शुक्रवारी लाल टाचण्या एकोणीसच भरल्या. व्हर्लीनच्या पर्समध्ये पांढऱ्या डोक्याची एक टाचणी होती. तिनं संडासात जाऊन तिला नेलपॉलिश लावलं, फुंकून वाळवलं आणि वीस मोजून दिल्या. नोकरी सुटली तेव्हा उशी टाचण्यांसकट तिच्याबरोबर घरी आली.

चंद्रावर माणसं उतरली तेव्हा सगळी गल्ली टीव्हीपुढे आरडाओरडा करत होती. व्हर्लीन चंद्रावरच्या माणसांच्या गुडघ्यांकडे बघत होती.

त्या शुक्रवारनंतर बत्तीस वर्षांनी वॉशिंग्टनजवळच्या संग्रहालयातून रेनाटा कोवाल्चिक नावाच्या मुलीचा फोन आला. जुने पोशाख जपण्याचं काम ती करायची. एका पोशाखाच्या एक्स-रेत डाव्या गुडघ्यात टाचणी दिसत होती. शिवणाऱ्यांपैकी कुणी येऊन बघेल का?

गाडी युनिस पॅसवॉटर्सनं चालवली. कारखान्यात ती शेजारच्या मशीनवर असायची, पिवळ्या टाचण्यांची. खाडीवरच्या पुलावर व्हर्लीननं तिला सगळं सांगून टाकलं.

"नेलपॉलिश?" युनिसनं गाडी जवळजवळ कठड्याला लावली. "आणि माझी कात्री हरवली तेव्हा सगळ्यांदेखत मला वेंधळी म्हणालीस! बत्तीस वर्षं लक्षात आहे माझ्या."

"तू आहेसच वेंधळी. रस्त्याकडे बघ."

कोठारात चांगलीच थंडी होती. पोशाख फळीवर उताणा, झोपलेल्या माणसासारखा. व्हर्लीननं हातमोजे चढवले, पण हात लावला नाही. डावी शिवण तिचीच होती. कोपऱ्यात तिचा नेहमीचा एक टाका जास्त. रेनाटानं बारीक कॅमेरा आत सोडला. पडद्यावर लाल ठिपका उमटला.

"हा पोशाख कुठवर गेला होता?" व्हर्लीननं विचारलं.

"कुठंच नाही, मिस व्हर्लीन. सरावाचा आहे हा. थांबा, नोंद आहे." रेनाटानं फाइल उघडली. "घालणाऱ्याची तक्रार: 'डाव्या गुडघ्याला काहीतरी चावतंय.' डॉक्टरांनी डास म्हणून मलम दिलं. दोनदा."

युनिस खाली बसून हसायला लागली. व्हर्लीननं आधी डोळे पुसले, मग तीही हसली. बराच वेळ.

"शिवण उसवायची कात्री द्या," ती म्हणाली. "पाच मिनिटांत काढते."

"नको! रबर वाळक्या पानासारखं झालंय, शिवण उसवली तर तुकडे होतील. टाचणी आता पोशाखाचीच. तुमच्या नावानं नोंदवू?"

"मुकादम बाई आहेत का अजून?"

"मला नाही वाटत."

"मग नोंदव."

रंगवलेली टाचणीही तिनं रेनाटालाच देऊन टाकली.

त्यानंतर ती चार वर्षं जगली. रोज कॉफीआधी टाचण्या मोजायची, मग युनिसला फोन. शेवटच्या सकाळीही तसंच झालं. दुपारी युनिस तिच्या घरी गेली तेव्हा व्हर्लीन खुर्चीत शांत निजल्यासारखी होती, चुलीवर कोंबडीचा रस्सा तयार होता, पोळपाटावर पीठ चाळून ठेवलं होतं.

"किती भरल्या?" सकाळी युनिसनं चिडवायला विचारलं होतं.

"एकोणीस. विसावी कामावर आहे. आणि येताना अंडी आण, मागच्या वेळी विसरलीस."