एनिडचं वेगळं घर

एल्मर झागर्सनं उभा जन्म विमानांची वाट पाहण्यात काढला, पण विमान चालवायला लागला तो गुडघा कामातून गेल्यावर. कॅरिबियन समुद्रातल्या साबा बेटाच्या विमानतळावर तो आगीच्या बंबावर होता. विमान उतरायला लागलं की नळी हातात धरून बंबाशेजारी उभं राहायचं, ते नीट थांबलं की नळी जागेवर ठेवायची, एवढीच नोकरी. आता तिथली धावपट्टी एवढीशी, दोन्ही टोकांना समुद्र आणि अंगाला खेटून कडा, त्यामुळे नवखी माणसं उतरताना डोळे गच्च मिटून घेत. एल्मरला डोळे मिटायची सोय नव्हती. साऱ्या नोकरीत नळीचं पाणी खर्ची पडलं ते बंब धुवायला, आणि त्याबद्दल तो दर रविवारी चर्चमध्ये देवाचे आभार मानायचा. निवृत्त झाला तेव्हा कुणीतरी विचारलं, इतकी वर्षं काय केलंस रे? तर म्हणाला, "उभा होतो."

त्याचं घर विमानतळाच्या वर, डोंगराच्या कुशीत. गावाचं कागदोपत्री नाव तसं मोठं पवित्र आहे, पण लोकांच्या तोंडी हेल्सगेट, म्हणजे नरकाचं दार. घराला पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, हिरव्या झडपा, जशा बेटावरच्या सगळ्याच घरांना. आणि अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पपईच्या झाडापाशी त्याची बायको एनिड निजलेली. तिथे सगळ्यांचीच माणसं आपापल्या अंगणात असतात; मेलं म्हणून कुणी आपलं माणूस लांब नेऊन ठेवत नाही. एनिडच्या थडग्याला एल्मर वर्षाकाठी चुना लावायचा. वर्षभराच्या पावसानं काळं पडलेलं ते थडगं पुन्हा दुधासारखं झालं की त्याला बरं वाटायचं.

गुडघा गेला आणि एकदा तो मागच्या पायरीवर घसरून पडला. टिलबर्गला, तिकडे हॉलंडात, त्याची मुलगी जॉस्लिन राहते. तिला हे कळल्यावर तिनं जो धोशा लावला तो लावलाच. "पपा, इकडे या. खोली तयार आहे, लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे." एल्मर खिडकीबाहेर बोट दाखवायचा. "आणि तुझ्या आईचं काय करू? पेटीत घालून आणू?" 

शेवटी जॉस्लिननं त्याच्यासाठी एक दणकट संगणक पाठवला आणि खेळातलं विमान चालवायचा दांडा. म्हणाली, वेळ जाईल. स्वयंपाकघरातल्या ज्या टेबलावर एनिड लेस विणायची त्याच टेबलाला एल्मरनं दांडा घट्ट बसवला. पडद्यावर ऊन पडायचं, दिसायचं नाही काही, म्हणून खिडकीची झडप लावून घेतली. झालं, एल्मर वैमानिक झाला.

या उद्योगात त्याला जोडीदार मिळाला बर्टिल लेव्हनस्टोन. बर्टिल टॅक्सी चालवायचा. म्हणजे विमान आलं की टॅक्सी, नाही आलं की एल्मरचं घर. दोघांनी मिळून एकामागून एक तीन सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचे खेळ, घेतले, आणि त्यांतला चांगला कुठला यावरून त्यांची जी जुंपली ती दोन वर्षं चालू होती. खेळांची खरी नावं काही का असेनात, यांनी आपली बारशी केली होती.

पहिला गाढव. जुना, अडेल, नाकी नऊ आणणारा. शेजारच्या सेंट मार्टिन बेटावरून निघायचं, समुद्र ओलांडायचा, थेट कड्याच्या अंगावर जायचं आणि अगदी शेवटी डावीकडे वळून धावपट्टी पकडायची. गाढवात हे वळण घेताना कड्यावरून वारा असा खाली यायचा की विमान मटकन बसायचं. बर्टिल त्यात रोज समुद्रात पडायचा आणि रोज खूश व्हायचा.

"हा वारा ओळखलास?" तो विचारायचा. "धावपट्टीवर तुझी टोपी उडवायचा, तोच हा. बरोब्बर आणलाय लेकांनी."

"आणि बेट?" एल्मर म्हणायचा. "बेट कुठाय? हा तर शेवाळाचा गोळा. ना घर, ना रस्ता, ना चर्च. एवढं मरमर करून उतरायचं, आणि जायचं कुठे?"

दुसरा बदक. तो फुकट मिळाला होता आणि त्याच लायकीचा होता. विमान कसंही आपटा, ते डुलत डुलत उभं राहायचं. पोरांना ठीक आहे, असं म्हणून त्यांनी तो आठवड्यात काढून टाकला.

तिसरी नवरी. नटलेली, सजलेली. ढग असे की आभाळातले कुठले आणि पडद्यावरचे कुठले ते कळू नये. दुपार कलली की समुद्रावर जसा तांबूस रंग चढतो तसा तिथेही चढायचा. आणि बेट म्हणजे अगदी आपलं बेट, रस्त्याची वळणं, लाल छपरं, सगळं जागच्या जागी. फक्त उडवायला काही दम नव्हता.

"तू दांडा सोडून चहा टाक," बर्टिल म्हणाला, "ही आपली आपण उतरते. दुरून डोंगर साजरे. उडवायचं असेल तर गाढव, बघत बसायचं असेल तर नवरी."

"मला बघायचंच असेल तर?"

"तर मग तू वैमानिक नाहीस. तू सवारी आहेस, आणि तीही भाडं न देणारी."

एल्मर हसला, पण मनातून त्यानं नवरीशी गाठ बांधली होती. कारण एके दुपारी धावपट्टीकडे वळायच्या ऐवजी त्यानं विमान वर काढलं आणि हेल्सगेटावर एक गिरकी घेतली. खाली त्याचं घर दिसलं. पाण्याची टाकी दिसली, पपई दिसली. आणि पपईखाली दिसलं आणखी एक घर. इवलंसं, पांढऱ्या भिंतींचं, लाल छपराचं.

"अरे, हे काय?" बर्टिल पडद्याला नाक लावून बघायला लागला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. "कळलं. या खेळाला आकाशातून काढलेले फोटो दाखवतात. पांढरा चौकोन दिसला की हा म्हणतो घर आहे, भिंती उभ्या करतो, वर छप्पर ठेवतो. आपल्याकडे छप्पर म्हटलं की लालच. एल्मर, यानं एनिडच्या थडग्याचं घर केलं रे. चूक आहे ही. कंपनीला कळवलं तर काढून टाकतील."

"कुणाला काही कळवायचं नाही," एल्मर म्हणाला. इतक्या करड्या आवाजात तो कधी बोलत नसे, म्हणून बर्टिलनं पडद्याला लावलेलं नाक मागे घेतलं.

बर्टिलला काय ठाऊक, एनिड संसारभर एक धमकी देत आली होती. एल्मर घोरायचा, आणि घोरणं असं की भिंतीवरचा येशू हलायचा. एनिड सकाळी लाल डोळ्यांनी उठायची आणि म्हणायची, "एक दिवस अंगणात वेगळं घर बांधीन बघ. खिडकीशी बसून सुखानं लेस विणीन. तू घोर इकडे एकटा." जॉस्लिन लहानपणापासून हे ऐकत आलेली. घर काही कधी झालं नाही. आणि आता कुठल्या तरी दूरदेशीच्या मशीननं न सांगता, न मागता ते बांधून दिलं होतं. एल्मरला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी जॉस्लिनचा फोन आला तेव्हा त्यानं तिला ते घर दाखवलं. ती पडद्याच्या अगदी जवळ आली. मग हळूच म्हणाली, "पपा, हे तर इथूनही दिसेल. तुम्ही टिलबर्गला बसून रोज आईकडे येऊ शकाल." आणि जो माणूस दोन वर्षं नन्नाचा पाढा वाचत होता तो हो म्हणाला. ऑक्टोबरचं तिकीट निघालं, घर भाड्यानं द्यायचं ठरलं, किल्ली बर्टिलकडे राहणार होती. बर्टिल त्या दिवशी न जेवता घरी गेला.

ते उन्हाळ्याचे महिने एल्मरचे तरंगत गेले. मटणाचा रस्सा चुलीवर रटरटत असायचा, संगणकाचा पंखा घुमत असायचा, आणि तो मिटल्या झडपेआड ढगांतून चाललेला असायचा. कधी डुलकी लागायची आणि डुलकीतही विमान चालूच राहायचं. तेव्हा छोट्या घराची खिडकी उघडी दिसायची, आत एनिड मान खाली घालून टाके घालत असायची, आणि विमानाचा आवाज आला की मान वर न करता म्हणायची, आलास का, पाय पूस. खाली खरं विमान उतरायचं त्याचा आवाज या विमानाच्या आवाजात मिसळायचा, आणि आपण नक्की कुठल्यात बसलोय हे जागं झाल्यावरही क्षणभर त्याला कळायचं नाही. कळून घ्यायची घाईही नव्हती.

सप्टेंबरात नवरीची नवी आवृत्ती आली. बेटाचं इंटरनेट ते, दिवसभर नुसतं थेंब थेंब उतरत होतं. उतरल्यावर मात्र डोळ्यांचं पारणं फिटलं. लाटांना फेस आला होता, बंदरावर नवी भिंत आली होती, पपईची सावलीसुद्धा अंगणात पडली होती. एल्मरनं गिरकी घेतली. सावली होती, पण सावलीत घर नव्हतं.

त्यानं पुन्हा गिरकी घेतली. आणखी खाली गेला, इतका की विमान टाकीला घासतंय असं वाटलं. नुसतं हिरवं.  एनिड पहिल्यांदा गेली तेव्हाची ती सकाळ जशीच्या तशी अंगावर आली.

बर्टिल आला, त्यानं खूप खटपट केली, आणि शेवटी मान हलवली. "फोटो नवे घेतलेत यांनी. गेल्या पावसाळ्यानंतरचे असावेत. यात तुझ्या अंगणात पांढरं काही नाहीच."

"नाही कसं? तिथेच तर आहे."

"मला काय सांगतोस? बघ की."

एल्मर उठला, गुडघा धरत खिडकीशी गेला आणि त्यानं झडप ढकलली. तिच्या बिजागऱ्या गंजल्या होत्या, दोघांनी जोर लावला तेव्हा उघडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ एनिड होती, आणि तिच्यावर काळं शेवाळ चढलं होतं, वेल सरपटत जाऊन डोक्याशी गुंता करून बसला होता, पपईची कुजकी पानं पसरली होती. संगणक घरात आल्यापासून त्यानं चुन्याच्या बादलीला हात लावला नव्हता. आज गुडघा दुखतो, उद्या लावू, असं म्हणत तो रोज विमानात बसला होता, आणि रोज तिच्या डोक्यावरून गिरक्या घालत होता.

"मशीनची काही चूक नाही," एल्मर म्हणाला. लाजेनं त्याचे कान तापले होते.

रविवारी जॉस्लिनचा फोन आला. बर्टिल बाजूला बसून जॉनीकेक, म्हणजे तिकडच्या तळलेल्या पुऱ्या, खात होता.

"तुझ्या आईचं घर पडलं," एल्मर म्हणाला.

"पपा, ती खेळातली गडबड आहे. पुढच्या वेळी नीट होईल."

"मी पांढरं केलं तर नीट होईल. मी पांढरं ठेवलं होतं म्हणून त्याला घर दिसलं. ठेवलं नाही, दिसलं नाही. तिथे बसून मी रोज येईन गं, गिरक्या घालीन. पण चुना कोण लावणार? उंटावरून शेळ्या हाकायच्या का?"

"बर्टिलकाका लावतील."

"बर्टिलकाकाला स्वतःची टॅक्सी धुता येत नाही." बर्टिलनं तोंडातला घास तसाच ठेवून मान डोलावली.

जॉस्लिनचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही परत पडलात तर? मला इथे रात्र रात्र झोप लागत नाही, ते कुणाला सांगू?"

 पोरीचं खोटं नव्हतं. एल्मर म्हणाला, "पडलो तर बर्टिल आहे. विमान नसलं की तो इथेच असतो."

"आणि विमान असलं की?"

 बर्टिलनं हात पुसले आणि पडद्यासमोर तोंड आणलं. "पोरी, मागची खोली रिकामीच आहे म्हणे. माझं भाड्याचं घर गळतंय. मी येतो राहायला. फक्त याच्या घोरण्याचं काय ते बघा."

 मग तिकडून जॉस्लिनचं हसू ऐकू आलं, आणि हसूच्या मागोमाग रडू. नाक पुसत ती म्हणाली, "मी तिकीट रद्द करते. पपा, छप्पर लाल करायला विसरू नका. आईला लालच हवं होतं."

दुसऱ्या दिवशी एल्मर बुटक्या स्टुलावर बसला आणि कामाला लागला. वेल उपटला, शेवाळ खरवडलं, चुन्याचे हात दिले. बाजू दुधासारख्या झाल्यावर माथ्याला लाल रंग. बर्टिल बादली धरून उभा होता. इतक्यात दुपारचं विमान आलं, कड्याच्या अंगावर गेलं, वळलं.

"तुझी सवारी चालली," एल्मर म्हणाला.

"जाऊ दे. तो कोपरा राहिलाय, तिकडे बघ."

पण एल्मर कोपऱ्याकडे बघत नव्हता. गुडघ्यावर हात रेटून तो उभा राहिला होता, ब्रश नळीसारखा धरून, आणि विमान खाली नीट थांबेपर्यंत तसाच उभा राहिला. मग खाली बसला आणि त्यानं तो कोपरा पांढरा केला.