शनिवारचे तारे

रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवलं होतं आणि ग्लासगोहून ॲलनचा फोन आला. ॲलन सॅमीदादाच्या बँडमधला फिडलवाला, एरवी तोंडाला खीळ नसलेला. त्या दिवशी त्याला धड वाक्य जुळवता येईना. आदल्या संध्याकाळी कार्यक्रम झाला, सगळे हॉटेलवर येऊन झोपले आणि सकाळी दादा उठलाच नाही... मग, काहीतरी बरं सांगावं म्हणून असेल, तो म्हणाला की बँजो सुखरूप आहे. मला त्याचा असा राग आला की फोनच ठेवून दिला. आता वाटतं, बिचाऱ्याकडे सांगण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

आम्ही मुंबईचे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. भायखळा सोडून लंडनला आलो तेव्हा दादा कॉलेजच्या उंबरठ्यावर होता आणि मी शाळेत. नॉटिंगहॅमला तो इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि तिथल्या पबमध्ये ब्लूग्रास ऐकून बिघडला. 'बिघडला' हा पप्पांचा शब्द. ब्लूग्रास म्हणजे अमेरिकेतल्या डोंगराळ मुलखातलं भरधाव संगीत. त्यातला बँजो पाच तारांचा, बोटांत नख्या चढवून वाजवायचा. दादाने डिग्री घेतली, ती पप्पांच्या हातात ठेवली आणि जन्मभर बँजोच वाजवला.

पप्पांचं गाण्याशी वाकडं नव्हतं. ते स्वतः सणावाराला मराठी कीर्तनं म्हणायचे. भांडण होतं ते वाराचं. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, त्यात काम नाही की वाद्य नाही. आणि बँजोवाल्याचं पोट नेमकं त्याच दोन संध्याकाळींवर. "पप्पा, गिग्ज वीकेंडलाच असतात. मंगळवारी कोण पार्टी करतं?" असं तो म्हणाला होता. पप्पांनी त्यावर आवाज चढवला नाही. फक्त दर शुक्रवारी शब्बाथच्या प्रार्थनेला लागणाऱ्या मनुकांच्या सरबताचा एक पेला दादाच्या नावाने भरायचे आणि जेवण आटोपलं की तो मला प्यावा लागायचा. मला ते सरबत मुळीच आवडत नाही.

एकदा रीडिंगला त्याच्या कार्यक्रमाला गेले होते. एरवी सगळ्यांवर कुरघोडी करणारा त्याचा बँजो, बँडमधली बाई गायला उभी राहिली की एकदम दबून जायचा. मी म्हटलं, हे काय, घाबरतोस की काय तिला? तर हसून म्हणाला, "अगं, गाताना ती पुढे. आपण फक्त तिला खालून धरायचं. टाळ्या तिलाच मिळायला हव्यात." मोठा नावाजलेला वादक, पण त्याला अभिमान होता तो या मागे राहण्याचा.

मम्मी गेली आणि पप्पांनी अंथरूण धरलं, तेव्हा दादाने बँडला सांगून टाकलं की शुक्रवार-शनिवार मला धरू नका. बँडने दुसरा बँजोवाला घेतला, तोही दादाचाच शिष्य. दादा आपला आठवडाभर बँजोच्या शिकवण्या करायचा आणि शुक्रवारी दुपारच्या ट्रेनने लंडनला हजर. दिवा लावायचा, पप्पांना भरवायचा. बँजो जिन्याखाली बंद.

अशाच एका जूनच्या शुक्रवारी जेवता जेवता पप्पा म्हणाले, "तुझं ते वाद्य आण. मी नीट ऐकलंच नाही कधी." मी दादाकडे पाहिलं. ज्याने एवढी वर्षं शब्बाथलाच बँजो वाजवला होता, तो म्हणाला, "आज नको, पप्पा. उद्या तारे दिसले की वाजवतो."

इथल्या जूनमध्ये तारे कुठले लवकर दिसायला? शनिवारी जेवणं झाली तरी लख्ख उजेड होता आणि वर ढग. पप्पांचा डोळा लागत होता, तरी झोपायला तयार नाहीत. मला भीती वाटत होती की आज राहिलं तर राहिलंच. पप्पांनी मला पडदा सारायला सांगितला, त्या पांढऱ्या आभाळाकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दिसले."

"कुठे?" दादाने विचारलं.

"तुला नाही दिसायचे. वाजव."

जन्मभर या नियमापायी मुलाचं वाद्यही न ऐकलेला माणूस चक्क खोटं बोलत होता. दादाने वाजवलं, एरवीपेक्षा पुष्कळ हळू. रडत वाजवलं, हेही सांगून टाकते. पप्पा मान डोलावत राहिले आणि शेवटी म्हणाले की भिंतीपलीकडे शेजारी आहेत, पुरे. पुढचा शनिवार त्यांनी पाहिला नाही.

त्यानंतर दादाने शुक्रवार परत कुणाला दिला नाही. शनिवारी मात्र वाजवायला जायचा, आणि स्टेजवर चढण्याआधी मला मेसेज करायचा: "दिसले." बाहेर टळटळीत ऊन असो नाहीतर पाऊस. मी उत्तर द्यायचे: "वाजव."

ग्लासगोच्या त्या संध्याकाळचा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे. "दिसले." त्याखाली माझं "वाजव." त्याखाली काही नाही.