तपासायच्या राहिलेल्या चौतीस जणी

दुपारचे दोन वाजून गेलेत आणि मंदाकिनी रणवरे बंद दवाखान्यातल्या बाकावर आडवी झाली आहे. झोपायचं नाही, नुसती पाठ टेकायची, असं तिनं स्वतःला बजावलंय. पंखा फिरतोय. डोळ्यांवर घेतलेल्या पदरातून खिडकीचा उजेड केशरी दिसतो. फलटणच्या बाजारपेठेतले आवाज हळूहळू लांब जायला लागतात. हातातलं पुस्तिकांचं बंडल मात्र तिनं घट्ट धरून ठेवलंय.

हा दवाखाना डॉक्टर अविनाश गुंजवट्यांचा, जनावरांचा. एकोणीस वर्षं मंदा त्यांच्या हाताखाली होती. जनावर धरायचं, जखमा धुवायच्या, कपाट लावायचं. आठ महिन्यांपूर्वी डॉक्टर गेले. त्यांच्या पत्नीनं, वहिनींनी, किल्ली मंदाकडे दिली आणि सवडीनं सगळं आवर म्हणून सांगितलं. आज सकाळी कपाटाच्या वरच्या फळीवर तिला हे बंडल सापडलं. कुत्र्यांच्या लसीकरणाच्या सत्तावीस पुस्तिका. प्रत्येकीवर डॉक्टरांची सही आणि शिक्का. जनावराची माहिती आणि तारीख लिहायची जागा कोरी.

अशा पुस्तिका दर महिन्याला कालव्यापलीकडच्या, कुत्र्यांची पिल्लं विकणाऱ्या ढेंबऱ्याच्या शेडवर जायच्या. रबरबँड लावून पिशवीत घालायचं काम मंदाचंच. डॉक्टर तिकडे जाऊन लस टोचून येत असतील, असं ती धरून चालली होती. मग गेल्या आठवड्यात गल्लीतल्या रेश्मा मुजावरनं तिला गळ घातली. रेश्मा प्राणिमित्रांच्या एका गटात काम करते. पिल्लू घ्यायला आलोय असं सांगून दोघी शेडवर गेल्या. पूर्वी तिथं कोंबड्या होत्या. आता दोन मजली पिंजरे, तळाला जाळी आणि आत चौतीस कुत्र्या, वर्षातून दोनदा पिल्लं काढायला ठेवलेल्या. एकीला बाहेर काढलं तर तिला जमिनीवर उभं राहता येईना. पायाखाली अजून जाळीच आहे असं समजून ती बोटं फाकवून थरथरत राहिली. परतताना मंदानं रेश्माला सांगून टाकलं, मी तुमच्याबरोबर आहे.

उद्या अकराला सरकारी पाहणी आहे. ढेंबऱ्याची कागदपत्रं खोटी आहेत याचा पुरावा रेश्माला हवाय, आणि तो मंदाच्या हातात आहे. दिला, तर डॉक्टरांचंही नाव निघणार. अडलेल्या गाईसाठी भर पावसात सायकल मारत जाणारा हा माणूस. गावोगावचे लोक अजून त्यांचं नाव निघालं की हात जोडतात.

नळ वाहतोय.

डॉक्टर बेसिनपाशी पाठमोरे उभे आहेत, कोपरापर्यंत साबण लावून हात धुताहेत. ते गेलेत हे मंदाला माहीत आहे. तरी चहा टाकायचा राहिला याचीच तिला आधी लाज वाटते.

"कुणाचं जनावर आहे?" ते विचारतात.

टेबलावर ती शेडमधली कुत्री उभी आहे. ढेंबऱ्याचं म्हणायला मंदाची जीभ रेटत नाही. हिला नाव नाही, कानात नुसता नंबर आहे, असं ती सांगते. प्रश्नाचं उत्तर ते नव्हे हे तिला कळतं, पण डॉक्टरांना चालतं. ते टॉवेल मागतात.

टॉवेल मागच्या अंगणात वाळत घातलाय. ती दार उघडते तर अंगण नाही, शेड आहे. पिंजऱ्यांच्या रांगा आहेत आणि रांगांपुढे फळा. हा तर आपला चौथीचा वर्ग. फळ्यावर खडूनं लिहिलंय, पट चौतीस. हजर किती, ती जागा कोरी. आपल्याला उशीर झाला असं वाटून मंदा बसायला जागा शोधते. प्रत्येक बाकावर कुणी ना कुणी आहे. कुणीच भुंकत नाही. शाळेत कुत्री कशी, की आपण पिंजऱ्यात शाळा शिकलो, याचा तिला नीट मेळ लावता येत नाही.

डॉक्टर उंबऱ्याशी थांबलेत. ओले हात अंगापासून लांब धरलेत.

"तुम्ही इथं कधी आला होतात?" ती विचारते.

"दारापर्यंत. वास आला. म्हटलं, आत कशाला जायचं, आपल्याला नुसत्या सह्या तर करायच्यात."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस, मंदा."

कापूस दे म्हणताना असायचा, तसाच आवाज. हा दोष आहे की नुसती माहिती, ते तिला उमगत नाही. रागवायला हवं, असं तिला वाटतं. रागवायचं कुणावर, याचा विचार करेपर्यंत वर्गातल्या फरशीवर पाणी येतं. आता फरशी नाहीच, कालवा आहे, घोट्याइतकं पाणी आहे, आणि तपासायचं टेबल त्यात उभं आहे. बंडल भिजू नये म्हणून ती हात उंच धरते. त्याच वेळी तिच्या मनात येतं, हात सोडला तर सगळं वाहून जाईल आणि उद्या कुणाला काही द्यावं लागणार नाही. हात वर आहे की खाली, तेच तिला आता सांगता येणार नाही.

डॉक्टर बंडलातली एक पुस्तिका ओढून घेतात.

"कोऱ्या आहेत सगळ्या. भरायला हव्यात."

मंदा घाबरते. मागच्या तारखा घालून भरायच्या, असं तर हे म्हणत नाहीत?

"खोटं लिहू, डॉक्टर?"

"तपासल्याशिवाय लिहिणार कसं? धर हिला."

ती धरते. एकोणीस वर्षं धरायची तसं, एक हात मानेखाली, एक पोटाखाली. डॉक्टर कुत्रीचा जबडा उघडतात आणि बघत बघत सांगत जातात. जाळी चावून दात झिजलेत. नखं वळून पंज्यात रुतलीत. पोट लोंबतंय, फार वेळा व्यालीय. मंदाचे दोन्ही हात अडकलेत, तरी पुस्तिकेत अक्षरं उमटताहेत.

"तुमचं नाव जाईल," ती म्हणते. कुठंतरी म्हणायलाच हवं होतं.

डॉक्टर नखं कापत राहतात.

"ही पहिलीच," ते म्हणतात. "अजून तेहतीस आहेत."

मग कुत्रीच्या पोटाखालून ते एक पिल्लू काढतात. आंधळं, उंदराएवढं. मंदाच्या ओंजळीत ठेवतात.

"हे दूध ओढत नाही. बोट दे त्याला."

ती उजव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या तोंडाशी धरते. बराच वेळ काही होत नाही. मग ते इवलंसं तोंड बोट पकडतं आणि ओढायला लागतं. एवढ्याशा जिवात एवढा जोर कुठून आला, तिला कळत नाही.

"मला वेळ लागेल. तू थांबशील ना?"

अकराला पाहणी आहे, मला जायचंय, असं ती सांगणार असते. डॉक्टर दुसरीकडे वळलेसुद्धा.

"थांबते," ती म्हणते.

पंखा बंद पडलाय. लाइट गेलीय. मंदाचा गळा घामानं ओला आहे आणि बंडल सुटून पुस्तिका फरशीवर पसरल्यात. कोऱ्याच आहेत.

ती उठून बसते. डॉक्टरांनी दे म्हणून सांगितलं का? नाही सांगितलं. देऊ नको असंही म्हणाले नाहीत. ती खाली बसून एकेक पुस्तिका गोळा करते. सत्तावीस भरतात. मग एवढं तिला कळतं, की आधी वहिनींना सांगायचं. त्यांना हे पाहणीनंतर बाहेरून कळता कामा नये.

ती मोबाइल घेते आणि उघडायला बोट टेकवते. मोबाइल उघडत नाही. पुन्हा टेकवते. पदराला पुसून तिसऱ्यांदा टेकवते. बोट ओळखता येत नाही, असं तो सांगतो. शेवटी ती डाव्या हातानं आकडे दाबते.

"वहिनी, घरी आहात का? डॉक्टरांच्या काही पुस्तिका घेऊन येतेय. तुम्हाला दाखवते, आणि मग रेश्माकडे देणार आहे."

काय झालं, कसल्या पुस्तिका, असं वहिनी पलीकडून विचारू लागतात. मंदा खिडकीपाशी जाऊन, आल्यावर सांगते म्हणते, आणि ते बोट उजेडात धरते. नऊ बोटं कोरडी आहेत. एकाचं टोक पांढरं पडलंय, खूप वेळ ओलं राहिल्यासारखं, आणि त्यावर बारीक बारीक सुरकुत्या आहेत.