ग्रो अप, जावईबापू!

इंग्लिशमधून आशीर्वाद देणारी आमच्या घराण्यातली मी पहिली बाई, आणि बहुतेक शेवटचीच.

तसे आशीर्वाद आमच्याकडे सगळेच देतात. निपाणीला माझ्या माहेरी तर वाकलेल्याच्या पाठीत धपाटा घालून देतात. पण मराठीतून! लग्न होऊन मी बेंगळूरला, राजाजीनगरात आले आणि बघते तर काय, भाजीवाला कन्नड, शेजारीण तमिळ, आणि धाकटी नणंद सुधा बँकेत फाडफाड इंग्लिश बोलणारी. मी आपली मराठी शाळेची मॅट्रिक! मग ठरवलं, शिकायचंच. बसवनगुडीत एक रिटायर्ड शिक्षिका घरीच क्लास घ्यायच्या, त्यांना सगळे टीचरम्मा म्हणत. दोन बसमध्ये चेंगरून मी तिथं जायची. वर्गात माझ्याइतका मोठा आवाज कुणाचाच नव्हता, हे मी अभिमानानं सांगते. (बरोबर उत्तरं इतरांची असत. आवाज माझा!)

तेव्हा नव्वदीचं दशक सुरू झालेलं, आणि कॉम्प्युटरवाला नवरा मिळणं म्हणजे घरात फोन लागण्याइतकं भाग्याचं. सुधाला असं एक स्थळ चालून आलं. मुलगा प्रकाश, नुकताच अमेरिकेत काही महिने राहून आलेला. घर मराठीच, पण कैक पिढ्यांपासून बेंगळूरचं, त्यामुळे बोली निम्मी मराठी आणि निम्मी कन्नड. सुधाला याआधी दोन नकार आले होते. एक चष्म्यावरून आणि दुसरा पगारावरून. (पगार मुलापेक्षा जास्त होता!) सासूबाई जाताना तिचा हात माझ्या हातात देऊन म्हणाल्या होत्या, "हिचं चांगलं कर गं बाई." आणि या खेपेला सुधाला फोटोतला मुलगा आवडला होता. ती बोलली नव्हती, पण केसरीभातासाठी स्वतः बदाम सोलत बसली होती. एवढं कळायला इंग्लिश लागत नाही.

पाहुणे यायच्या आदल्याच दिवशी टीचरम्मांनी शिकवलं, "ग्रो अप अंदरे दोड्डवरागोदु." म्हणजे मोठं होणं. मी मनात टाळी वाजवली. अहो, हे तर आपलं "मोठा हो"! टीचरम्मा पुढं म्हणाल्या, "पण हे रागानं म्हटलं तर याचा आणखी एक अर्थ..." तेवढ्यात माझी बस कोपऱ्यावर दिसली आणि मी पळाले. अर्ध्या हळकुंडानं पिवळी होणं म्हणतात ना, ते हेच!

"उद्या तू गप्प बस," आमचे हे रात्री म्हणाले.

"का? दोन बस बदलून मी तिकडं झक मारायला जाते का?"

"बरं बाई, बोल. पण स्वल्पच बोल."

पाहुणे आले. प्रकाश, त्याची आई, आणि सफारी सूट घातलेले वडील. सासू-सासरे हयात नसल्यानं वडीलधाऱ्यांच्या खुर्चीत आम्ही दोघं. पोरगा संस्कारी निघाला. आल्या आल्या यांच्या पाया पडला, मग माझ्यापुढं वाकला. झालं! माझ्या अंगात वारं शिरलं. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि ठणठणीत आवाजात म्हटलं,

"ग्रो अप!"

प्रकाश वाकलेला तो वाकलेलाच राहिला. त्याच्या वडिलांचा चमचा उप्पीटात रुतला. मला वाटलं, पाहुण्यांना ऐकू आलं नसावं, अमेरिकेत असतात तसे माझे उच्चार नसतील कदाचित. म्हणून आवाज चढवला.

"ग्रो अप! व्हेरी व्हेरी ग्रो अप!"

हे जोरात खोकले. मी त्यांना पाणी दिलं.

प्रकाश ताठ उभा राहिला. कान लाल! म्हणाला, "समबडी टोल्ड यू समथिंग अबाउट मी?"

मला 'टोल्ड' कळलं आणि 'मी' कळलं. म्हटलं, पोरगा विचारतोय, माझी कीर्ती तुमच्यापर्यंत पोचली का? आता स्थळाची स्तुती करायची नाही तर कधी?

"येस येस!" मी म्हटलं. "एव्हरीबडी टेलिंग! होल राजाजीनगर टेलिंग!"

"काय सांगतात?" आता वडिलांनी मराठीतच विचारलं.

"सगळं!" मी छातीवर हात ठेवून म्हटलं.

प्रकाश तडक बाहेर गेला आणि पायरीवर बसून बूट चढवायला लागला. वडील उठले. आमच्या यांचा चेहरा पिठासारखा पांढरा. आत्ता कुठं माझी ट्यूब पेटली. आपलं काहीतरी चुकलंय, आणि सुधाचं तिसरं स्थळही बूट घालतंय!

तेवढ्यात प्रकाशची आई पदर तोंडाला लावून गदगदा हलायला लागली. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या!

"बघा वहिनी, बघा! अस्संच करतो! रविवारी गल्लीतल्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतो. बाद दिलं की बॅट काखेत मारतो आणि घरी येतो. तीस वर्षांचा घोडा! मी कन्नडमध्ये सांगितलं, मराठीत सांगितलं, यांनी इंग्लिशमध्ये सांगितलं, 'ग्रो अप, ग्रो अप'. ऐकतच नाही! पण तुमच्यापर्यंत हे कुणी पोचवलं ओ?"

केसरीभाताचा ट्रे घेऊन सुधा दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रे माझ्या हातात कोंबून ती सरळ बाहेर पायरीवर गेली. (मुलीनं असं जायचं नसतं. गेली!)

"अहो," ती म्हणाली, "वहिनीला 'मोठा हो' म्हणायचं होतं. आशीर्वाद दिला तिनं. कालच शिकून आलीय."

प्रकाशच्या एका पायात बूट, एक हातात. "आशीर्वाद?"

"हो. तुम्ही बाद नाही. नो बॉल होता."

त्यानं हातातला बूट खाली ठेवला. मग असा काही हसला, की समोरची शेजारीण गॅलरीत आली. बूट काढून तो आत आला, आपल्या जागेवर बसला आणि म्हणाला, "अक्का, केसरीभात वाढा. आज बॅट परत आणलीय."

सुपारी तिथंच फुटली. लग्नात जोडीनं पाया पडताना यांनी मराठीत "सुखी राहा" म्हटलं, तर जावईबापू माझ्यापुढं वाकूनच थांबले. "अक्का, मला ते इंग्लिशमधलं पाहिजे." मी भरल्या मांडवात ठणकावून दिलं! सासूबाईंची आठवण येऊन डोळे भरले, पण आवाज जराही कापला नाही. पोरगा सुधरलाही हो. आता बाद दिलं तर फक्त वाद घालतो, घरी जात नाही.

हे लग्न माझ्या इंग्लिशनं जमलं, असं मी आजही चारचौघांत सांगते. परवा सुधाच्या घरी पाहुण्यांना सांगताना "होल राजाजीनगर टेलिंग" अभिनयासकट करून दाखवलं, तर माझी लेक कपाळावर हात मारून म्हणाली, "आई, ग्रो अप!"

काय करणार? जावयाला तो आशीर्वाद दोनदाच मिळाला आणि लागला. मला घरात रोज मिळतो, अजून लागलेला नाही!