खालची सही

वकीलबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर होतं, आणि लिफ्टच्या दारावरची ‘बंद आहे’ ही पाटी इतकी जुनी होती की ती काढायची असते हे सगळे विसरले असावेत. धाकटी कठड्याला धरून चढली. मधल्या वळणावर दम खायला थांबली. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण त्याआधी वकिलाच्या इतक्या पायऱ्या चढाव्या लागतात हे कुणी का सांगत नाही, असं तिच्या मनात आलं.

धाकटी म्हणजे पंचावन्न वर्षांची बाई. केस पांढरे, गुडघे कुरकुरणारे. पण घरात भावंडं दोनच आणि त्यात ही दुसरी, म्हणून धाकटी ती धाकटीच राहिली. वडिलांचं कपडे धुऊन, इस्त्री करून देण्याचं दुकान होतं. लोकरीचे कोट, रेशमी झगे, जाड पडदे, असं जे घरी धुता येत नाही ते सगळं तिथे यायचं. खाली दुकान, वर एक खोली. बाबा गेले ते त्याच खोलीत, आणि धाकटी राहत होती तीही तिथेच. लग्न का केलं नाही, हे विचारणारे कधीच थकले होते. सांगणारी त्यांच्याही आधी थकली होती.

बाबांनी मृत्युपत्रात दुकान आणि खोली दोन्ही तिला दिली होती. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, हरकत घेतली. त्याचं म्हणणं एका वाक्याचं होतं. मृत्युपत्राखाली धाकटीची सही आहे, आणि ज्याला मिळायचं त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला काही मिळत नाही, असा कायदा आहे. समोरचा सलूनवाला आणि गल्लीतले डॉक्टर असे दोन साक्षीदार होते, तेवढे पुरेसे होते. तिसरी सही हिची. कुणी मागितली नव्हती, हिने आपली करून टाकली होती. आता दादाचं खरं ठरलं तर सगळं दोघांत अर्धं अर्धं, म्हणजे विकायचं, कारण कपडे धुवायचं मशीन अर्धं करता येत नाही. मग धाकटीने जायचं कुठे, हे कुठल्याच कागदात लिहिलेलं नव्हतं.

आधी एक वकील करून झाला होता. मावसभावाच्या ओळखीचा. अपघात, घटस्फोट, कुत्रं चावलं, काहीही घ्यायचा. त्याने दादाच्या हरकतीला उत्तर देताना मोठ्या झोकात लिहिलं, की माझ्या अशिलाने पूर्णपणे समजून-उमजून साक्षीदार म्हणून सही केली आहे. त्याला वाटलं, यामुळे मृत्युपत्र भक्कम होईल. माणूस आपल्या पायावर धोंडा पाडून घेतो हे ऐकलं होतं, पण याने फी घेऊन दुसऱ्याच्या पायावर पाडला. तारखांमागून तारखा पडल्या, धाकटीच्या चपला झिजल्या, आणि शेवटी सलूनवाल्यानेच तिला सांगितलं, “ताई, दाढदुखीला हाडांचा डॉक्टर कशाला? वारसाहक्काचंच काम करणारं माणूस बघा की.”

वकीलबाई तेच काम करायच्या. उभा जन्म मृत्युपत्रं आणि भाऊबंदकी यांतच गेला होता, आणि तो चेहऱ्यावर दिसत होता. टेबलावर फायली, खिडकीत वाळलेली कुंडी. त्यांनी पहिल्या वकिलाचं उत्तर वाचलं, चष्मा काढला आणि डोळे चोळले.

“हे कुणी लिहिलं?”

धाकटीने सांगितलं.

“लेखी दिलंय त्याने. आता खोडता येत नाही.”

“आमच्याकडे याला घरी चोळलेला डाग म्हणतात,” धाकटी म्हणाली. “नुसता डाग निघतो. पण कुणी आधी घरी गरम पाण्यात घालून चोळून आणला, की आमचा पण इलाज चालत नाही.”

“कधीच नाही निघत?”

“कधी कधी निघतो. पण आधी कबूल करायला लागतं, काय काय लावलं होतं ते.”

वकीलबाई पहिल्यांदाच थोड्या हसल्या. “माझ्याकडे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक घरी चोळूनच आणतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. जिंकाल असंही म्हणणार नाही. केस घेते, एवढंच.” त्यांनी वकीलपत्र काढलं, स्वतःची सही केली आणि कागद पुढे सरकवला. धाकटीने पेन घेतलं आणि त्यांच्या सहीच्या बरोबर खाली, आधी हँगरच्या हुकासारखी एक छोटी खूण काढून, मग सही केली.

“तुमची जागा या बाजूला होती,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि ही खूण कसली?”

“कुठली?” धाकटीने कागदाकडे पाहिलं आणि ओशाळली. “सवय हो. दुकानातली.”

मग वकीलबाईंनी फाईल मिटली आणि कायद्याचं एक अक्षर न काढता दुकानाबद्दल विचारत बसल्या. धाकटी सांगत गेली. कपडा आला की घेणाऱ्याने पावतीवर सगळं लिहायचं, कॉलर मळकी, खालचं बटण तुटकं, बाहीवर शाईचा डाग, आणि सही करायची. मग दुसऱ्याने तोच कपडा उजेडात धरून, खिसे उलटे करून पुन्हा बघायचा आणि खाली हुक काढून सही करायची. हुक म्हणजे तपासलं. बाबांचा नियम होता, एका माणसाला डाग दिसत नाही. बाबा वर सही करणार, ही खाली. असं आयुष्य गेलं. मृत्युपत्राच्या दिवशी डॉक्टर आणि सलूनवाला सह्या करून उठले, बाबांनी कागद तिच्याकडे सरकवला, आणि तिने खाली सही केली. तिला कुणी साक्षीदार हो म्हटलं नव्हतं.

वकीलबाईंनी मृत्युपत्राची प्रत पुन्हा काढली. धाकटीच्या सहीआधी तोच हुक होता.

“जुन्या पावत्या असतील?”

“कपडा गेला की पावती फाडायची. बाबांना पसारा चालायचा नाही.”

“आणि आताच्या दाखवल्या, तर ते म्हणतील केस लागल्यावर सुरू केलंत. दुकानात तिसरं कुणी होतं का? ही रीत माहीत असलेलं?”

धाकटीने मांडीवरच्या पिशवीचा बंद सरळ केला. “दादा होता. कॉलेज सोडल्यापासून नोकरी लागेपर्यंत.”

“म्हणजे ज्याने हरकत घेतली तो.”

“तोच. दुसरं कोण असणार?”

“छान,” वकीलबाई म्हणाल्या आणि खुर्चीला मान टेकून काही वेळ छताकडे बघत राहिल्या.

पुढचे महिने कसे गेले हे सांगण्यात अर्थ नाही, कारण काहीच झालं नाही. कोर्टाच्या बाकावर बसायचं, नाव पुकारलं जायची वाट बघायची, पुकारलं की पुढची तारीख घ्यायची. दादा समोरच्या बाकावर असायचा. त्याचंही पोट सुटलं होतं, तोही गोळ्या घ्यायला पाणी शोधायचा. एकदा त्याच्या बाटलीतलं पाणी संपलं तेव्हा धाकटीचा हात स्वतःच्या पिशवीकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. दोन डोळे शेजारी आणि भेट नाही संसारी, तशी त्यांची गत झाली होती. तिला त्याचा रागही येईनासा झाला होता. राग यायलासुद्धा अंगात ताकद लागते.

शेवटी न्यायाधीशांनी दोघांना मध्यस्थाकडे पाठवलं. एक निवृत्त गृहस्थ, छोटी खोली, लांबट टेबल, कुणाला नको असलेली बिस्किटं. आत जाण्याआधी वकीलबाई धाकटीला एवढंच म्हणाल्या, “तुम्ही आज जपून काही करू नका. नेहमी करता तसंच करा.”

हजेरीचा कागद फिरवायची वेळ आली तेव्हा वकीलबाईंनी तो कारकुनाच्या हातून घेतला आणि आधी धाकटीपुढे ठेवला. तिने हुक काढला, सही केली. मग वकीलबाईंनी कागद टेबलावरून दादाकडे सरकवला. दादा त्या वेळी मध्यस्थाला तावातावाने सांगत होता, की एका मुलाला सगळं आणि दुसऱ्याच्या हाती धुपाटणं, हा कुठला न्याय. बोलता बोलताच त्याने खिशातलं पेन काढलं, कागदावर नजर टाकली, धाकटीच्या सहीच्या बरोबर खाली एक छोटा हुक काढला आणि सही केली.

वकीलबाईंनी घाई केली नाही. त्यांनी कागद मध्यस्थापुढे फिरवला आणि त्याच्या शेजारी मृत्युपत्राची प्रत ठेवली.

“साहेब, या तीन खुणा बघा. एक मृत्युपत्रावरची, दोन आत्ताच्या. या घरात ही खूण कशाची असते, ते यांनाच विचारावं अशी माझी विनंती आहे.”

“योगायोग आहे,” दादाचा वकील लगेच म्हणाला. “सगळेच लोक काहीतरी गिरगटतात.”

दादा मात्र स्वतःच्या हाताने काढलेल्या त्या हुकाकडे बघत राहिला होता. त्याच्या वकिलाने त्याच्या दंडाला हात लावला, तो त्याने झटकला. त्याने नुसतं ‘आठवत नाही’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. धाकटीला वाटलं, म्हणेल. तिने तशी मनाची तयारीही करून टाकली.

“योगायोग नाही,” दादा म्हणाला. “आमच्या बाबांनी लावलेली सवय आहे. तपासलं, एवढाच तिचा अर्थ. साक्षीदार-बिक्षीदार काही नाही.”

त्याच्या वकिलाने पेन खाली ठेवलं. मग दादा धाकटीकडे वळला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलला.

“मला दुकान नकोच होतं गं. मी काय करणार दुकानाचं? पण अख्ख्या कागदात माझं नाव नाही. थोरल्याला काही देत नाही, असं तरी लिहायचं. दिलं नसतं तरी चाललं असतं. मी जन्मलोच नाही असं लिहून गेले ते. आणि तू त्याखाली तपासलं म्हणून सही केलीस.”

धाकटी आता जे बोलली ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, वकीलबाईंनासुद्धा नाही.

“मी वाचलं नव्हतं, दादा.”

“काय?”

“बाबांनी सही केली, मी खाली केली. वाचलंच नाही.”

“मग हुक कशाला काढलास?” दादाचा आवाज चिरकला. “एक बटण सुटलं तरी मला चार माणसांत बोल लावायचे ते. तू न बघता हुक काढलास?”

“त्यांचा हात थरथरत होता रे. नीट सही होत नव्हती. मी हाताकडेच बघत राहिले.”

दादाने रुमाल काढला आणि चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता. मध्यस्थांनी बिस्किटांची बशी उगाच थोडी सरकवली आणि खिडकीबाहेर पाहिलं.

त्यानंतरचं काम तासाभरात उरकलं. कारकुनाने तडजोडीचा कागद टाईप करून आणला. हरकत मागे, दुकान आणि खोली मृत्युपत्राप्रमाणे धाकटीची. दादाने वाचल्या न वाचल्यासारखं केलं आणि सही करून मोकळा झाला. कागद धाकटीपुढे आला. सगळ्यांना आता घरी जायचं होतं. वकीलबाईंनी तिला सहीची जागा बोटाने दाखवली.

धाकटीने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं. चष्मा नीट केला, कागद खिडकीच्या उजेडात धरला आणि वरपासून वाचायला लागली. तिचं वाचन सावकाश होतं. दादाच्या वकिलाने घड्याळ बघितलं, कारकुनाने जांभई दिली. ती ओळ सोडत नव्हती. वाचून झाल्यावर ती पुन्हा मधल्या परिच्छेदावर गेली.

“इथे एक चूक आहे,” ती म्हणाली.

“काय राहिलं?” वकीलबाईंनी वाकून पाहिलं.

“‘हरकतदार आपला हक्क सोडत आहे,’ असं आहे. याचं नाव नाही.”

“नाव वर आहे ना, पहिल्या ओळीत. पुढे हरकतदारच लिहितात.”

“वर असू दे. सोडून देतोय तिथे नाव पाहिजे. पूर्ण घाला. मधे बाबांचं नाव, सगळं.”

दादा म्हणाला, “जाऊ दे गं, काय फरक पडतो?” पण त्याने पुन्हा रुमाल काढला होता.

कारकून वैतागला, पण मध्यस्थांनी मान हलवली, तेव्हा त्याने ‘हरकतदार’ खोडून वरच्या मोकळ्या जागेत हाताने नाव लिहिलं. त्याचं, बाबांचं, आडनाव. धाकटीने तीनही शब्द वाचले. मग दादाच्या सहीखाली हुक काढला आणि सही केली.