स्लॅबचे आभार

कृतज्ञता हा माणसाचा सर्वांत थोर गुण आहे. मुख्याध्यापक असताना हे वाक्य मी दर पंधरा ऑगस्टला म्हणत असे आणि मुलं जिलेबीच्या टोपलीकडे बघत असत. पुढे पार्बताबाईंशी ओळख झाली तेव्हा कळलं, की हा गुण अंगी मुरलेला माणूस गावात असला तर इतरांच्या जिवाला स्वस्थता म्हणून राहत नाही. त्यांच्या कृतज्ञतेपायी पवनीचा एक ठेकेदार फोन बंद करून बसला आणि माझी पावसाळ्यातली झोप कायमची गेली.

कोंढा गावावरून नदीकडे जो रस्ता जातो त्याच्या टोकाला त्यांचं गाव. मी तिथल्या शाळेत बदलून आलो तेव्हा मोठ्या पुराला वर्ष होत आलं होतं. पहिल्याच आठवड्यात, परिपाठ चालू असताना, एक म्हातारी पूजेचं ताट घेऊन फाटकातून आत आली. कोणाकडे न बघता बाहेरच्या जिन्याने छतावर गेली आणि वर नारळ फुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने चौथीची एक मुलगी धावत आली.

"गुरुजी, तुमच्या टेबलावर पानी टपकून राह्यलं. गोड हाय."

मी वर गेलो. बाई स्लॅबच्या कडेला हळद-कुंकू वाहत होत्या.

"बाई, हे काय चाललंय?"

"पूजा."

"कशाची?"

त्यांनी पायाखाली बोट दाखवलं. "याची."

त्या दिवशी मला दोन गोष्टी समजल्या. एक, पार्बताबाई हे काय प्रकरण आहे. दुसरी, छताची भेग आरपार गेलेली आहे. पहिलीची सवय झाली. दुसरीची झाली नाही. पुढे मी चौथीला भागाकार शिकवायचो तो त्या भेगेकडे बघत बघत.

पुराची हकिगत मला अख्ख्या गावाने सांगितली, प्रत्येकाने आपापली. सगळ्यांत मिळून एवढं खरं, की वैनगंगेचं पाणी दुपारी शेतात होतं आणि दिवेलागणीला घरात. मातीची घरं बसायला लागली. गावात पक्कं उंच छत एकच होतं, शाळेचं. सगळं गाव त्यावर चढलं आणि रात्रभर तिथेच बसलं. पार्बताबाईंची रक्तदाबाची गोळी घरी राहिली होती. "थांब, आनतो," म्हणून त्यांचे यजमान खाली उतरले. कमरेएवढ्या पाण्यातून घरापर्यंत पोचले असावेत, कारण भिंत कोसळली ती त्यांच्या अंगावर. गोळ्यांची पट्टी हातात होती.

हे पार्बताबाई स्वतः सांगायच्या तेव्हा आवाज चढायचा नाही की उतरायचा नाही. शेवटी म्हणायच्या, "तवापासून येकबी गोळी चुकवली नाई, गुरुजी. येवढ्या महाग गोळ्या कोनी खाल्ल्या नसन."

मी एकदा विचारलं, की एवढं झाल्यावर देवळात जायचं सोडून इथे नारळ का फोडता. त्या म्हणाल्या, "देवाच्या गळ्यापर्यंत पानी होतं. त्याचंच त्याले झालं होतं, बिचाऱ्याले. आता जाऊन कायले लाजवू?"

पूर ओसरल्यावर लोक पंचनामे, ताडपत्री, धान्याच्या मागे होते. पार्बताबाई आभार मानत हिंडत होत्या. ज्यांनी लोकांना न्यायला डोंगा, म्हणजे होडी, आणला त्या मासेमार ढिवरांच्या घरी जाऊन त्यांचे पाय धुतले. ते बिचारे इतके अवघडले, की एकाने म्हणे उलट त्यांच्याच पायावर डोकं ठेवलं. पुराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांच्या थैल्या आल्या होत्या, त्या जवाहरनगरच्या फॅक्टरी क्वार्टरमधल्या बायकांनी करून पाठवल्या असं कोणीतरी बोललं. एवढ्यावर बाई एस.टी.ने जवाहरनगरला गेल्या. फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारलं, कोणाला भेटायचंय? "ज्याईनं पोया केल्या त्याईले." नाव? "नाव मालूम असतं तर पोस्टकार्ड नसतं टाकलं का, बाबू?" मग संध्याकाळी फॅक्टरीच्या बसमधून माणसं उतरायला लागली तेव्हा त्या थांब्यावर उभ्या राहिल्या आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला हात जोडले. "कोन्या तरी घरी पोचला असन ना माहा नमस्कार," असा त्यांचा हिशेब होता.

राहिला फक्त स्लॅब. तो कोणी बांधला?

शाळेच्या दर्शनी भिंतीवर काळ्या दगडाची कोनशिला आहे. एके दिवशी त्यांनी मला ती वाचायला लावली. मी वाचली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, प्रमुख अतिथी, विशेष उपस्थिती, आणि ज्यांच्या शुभहस्ते ते.

"यातल्या कोनं बांधला?"

"कोणीच नाही."

"मंग येवढे लोक काहून लिवले?"

पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतका अवघड प्रश्न कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने विचारलेला नाही.

एका जुन्या सरपंचाने ठेकेदाराचं नाव सांगितलं. हटवार, पवनीचे. पार्बताबाईंनी माझ्या फोनवरून त्यांना फोन लावायला सांगितला. मी म्हटलं, "मी अमक्या गावच्या शाळेतून बोलतोय, तुम्ही बांधलेल्या स्लॅबबद्दल..." आणि फोन कटला. पुन्हा लावला तर बंद. पुढे महिनाभर बंदच. एकदा घरी माणूस पाठवला तर कळलं की ते तीर्थयात्रेला गेले आहेत. दुसऱ्यांदा पाठवला तेव्हाही ते तिथेच होते. पूरग्रस्त गाव आपल्याला शोधतंय एवढं ऐकून कोणता ठेकेदार घरी सापडेल?

बाईंची घाई वाढत होती, कारण दरम्यान तपासणीला आलेल्या इंजिनिअरने भेगेत किल्ली घालून बघितली होती आणि ती आत गेली होती. इमारत पाडायची असं ठरलं. तोवर 'इमारत धोकादायक, छतावर जाऊ नये' असा बोर्ड रंगवून घ्यायला मला सांगितलं. मी रंगवून जिन्यापाशी लावला. पाणी आलं तर कुठे जावं, ते त्यावर नव्हतं.

"तो पडाच्या आगोदर त्या मान्साचं नाव घेऊन त्याले हात जोडले पायजे," पार्बताबाई म्हणत. "नाई तं मी बुढ्याले काय सांगू? तू गेला, आमी वाचलो, अन् कोनामुळं वाचलो ते इचारलंबी नाई?"

शेवटी त्या मला घेऊन पवनीला गेल्या आणि हटवारांच्या ओसरीवर बसल्या. हटवारांच्या पत्नीने चहा दिला आणि यात्रा लांबल्याचं सांगितलं. "लांबू द्या," बाई म्हणाल्या, "आमी बसतो." उन्हं कलली तेव्हा मागच्या दाराने गेलेले हटवार पुढच्या दाराने आले. साठीचा, जाड चष्म्याचा, घाबरट माणूस.

"बघा बाई, त्या कामाले लई वर्ष झाले," ते उभ्या उभ्याच म्हणाले. "बिल पास झालं, साहेबानं सही केली. आता माह्यावर काई येत नाई."

"घाबरू नका, बाबू. आमी सारे त्याच्यावर बसून वाचलो. तो पडला नाई."

"पडला नाई?" हटवार म्हणाले.

त्यांच्या आवाजातलं आश्चर्य मला मुळीच आवडलं नाही.

पुराच्या तिथीला यायचं त्यांनी कबूल केलं. नाही म्हणायची सोय बाईंनी ठेवली नव्हती. त्या दिवशी सकाळपासून झड लागली होती. शाळेच्या व्हरांड्यात चुली मांडून बायका सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या, तळत होत्या. हटवार मोटरसायकलवर भिजत आले. बाईंनी त्यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, दुपट्टा-टोपी दिली. सुवारीचा पहिला घास तोंडात असतानाच ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. वरच्या अंगाला पाऊस भारी आहे, नदीकाठच्या लोकांनी सावध राहावं. कोतवाल धावत आला. नाल्यावरच्या पुलावरून पाणी चाललं होतं. म्हणजे गावाबाहेर जायचा रस्ता बंद.

मग कोणी काही न सांगता बायकांनी चुलीवरची कढई उतरवली, पोरं काखेत घेतली आणि जिन्याकडे निघाल्या. मी बोर्डासमोर उभा. सत्तर-ऐंशी माणसं, तीच भेग, आणि मधे मी.

"थांबा," मी म्हणालो. "स्लॅब धोक्याचा आहे. एवढ्यांचं वजन..."

"गुरुजी," पार्बताबाई म्हणाल्या, "खाली ऱ्हायलो तं पान्याचा धोका, वर गेलो तं स्लॅबचा. पान्याले मी पाह्यलं हाय. स्लॅबलेबी पाह्यलं हाय. सरका बाजूले."

मी सरकलो. दुसरा उपाय मला आजही सुचलेला नाही. लोक चढले. मागे वळून बघितलं तर हटवार व्हरांड्यातच, टोपी-दुपट्ट्यासह.

"चला ना, साहेब," मी म्हणालो.

"तुमी व्हा वर. मी बरा हावो इथंच."

हे वर ऐकू गेलं. ज्याने बांधला तोच चढत नाही, याचा अर्थ काय ते कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती. मैदानात पाणी झेंड्याच्या चौथऱ्याशी आलं होतं.

पार्बताबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्या. "का झालं, बाबू? खरं सांगा."

हटवारांनी टोपी काढली. "लोखंड कमी टाकलं होतं, माय. सिमेंटबी... आता काय सांगू. सारेच टाकत होते तसं टाकलं. तुमचा निरोप आला तवाच मले वाटलं, पडला. कितीक मेले असन, याच हिशेबात झोप नाई लागली मले."

वर एक बाई रडायला लागली. कोणीतरी शिवी दिली. दोघं तिघं उतरायला निघाले आणि खालचं पाणी बघून थांबले. पार्बताबाई मात्र त्या माणसाकडे बघत राहिल्या, हिशेब लागत नसलेल्या पोराकडे बघावं तसं.

"कमी टाकूनबी टिकला ना?" त्या म्हणाल्या. "तुमी जेवढं टाकलं तेवढ्याचे तुमचे उपकार. बाकीचं ज्यानं धरून ठेवलं त्याचे त्याले. या आता वर. पाय धुतलेला मानूस बुडाला तं मले पाप लागन."

हटवार एकेक पायरी तपासत वर आले. पार्बताबाईंनी त्यांना आपल्याशेजारी बसवलं, बरोबर भेगेपासून हातभर अंतरावर, आणि थंड झालेल्या सुवाऱ्या पुढे केल्या. "जेवा. पानी येऊन ऱ्हायलं, पन आपनबी तं वर येऊन ऱ्हायलो." मग सगळ्यांनाच त्यांनी पांगून बसायला सांगितलं, मधे गर्दी नको, भिंतीच्या अंगाने बसा. एवढं साधं मला सुचलं नव्हतं. मी भेगेकडे बघत होतो.

पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीला लागलं आणि तिथेच घुटमळलं. संध्याकाळपर्यंत दुसरी पायरी मोकळी झाली. हटवार त्या सगळ्या वेळात एकच वाक्य बोलले, "आता कुठंबी कमी नाई टाकनार, माय." बाई म्हणाल्या, "म्हातारपनी कोन काम देते तुमाले? पोराले सांगा."

गेल्या उन्हाळ्यात पार्बताबाई गेल्या. नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं. सकाळी सून उठवायला गेली तर उशाशी पाण्याचा पेला आणि गोळीचं रिकामं पाकीट. माझ्या ओळखीत असा एकच माणूस होता, की ज्याचं सर्वस्व गेलं आणि ज्याला ते कोणी नेलं यापेक्षा उरलेलं कोणी राखलं याची चौकशी जास्त होती. मला तसं जमत नाही. ढग आले की मी अजून वर बघतो, निवृत्त झालो तरी.

पावसाळ्याच्या तोंडावर शाळा पाडली. मशीनवाला वैतागला होता, स्लॅब काही केल्या तुटत नव्हता. त्याच जागी नवी इमारत उभी राहिली आणि मोठा समारंभ झाला. नवी कोनशिला जुनीच्या दुप्पट आहे, नावंही त्या प्रमाणात. काम हटवारांच्या मुलाने केलं, आणि त्याने लोखंड कुठेही कमी टाकलेलं नाही हे मी स्वतः उभं राहून बघितलं आहे. छत पत्र्याचं आहे, उतरतं. जिना नाही.